चढ, उतार आणि नेम

डोंगराच्या सोंडेवर पालथा पडलेला एक नेमबाज खाली दरीत, ५०० मीटरवर टांगलेल्या पोलादी पाटीवर शिस्त धरतो. दुसरा नेमबाज त्या पाटीशेजारी दरीतच बसला आहे आणि त्याची पाटी वर, पहिल्याच्या शेजारी उभी केली आहे. रेषा एकच, अंतर एकच, उतार ३० अंशांचा. दोघांच्या रायफली एकाच बनावटीच्या, काडतुसे एकाच खोक्यातली, आणि दोघांनीही सपाट मैदानावर ५०० मीटरचा नेम पक्का बसवून घेतलेला. वारा पडलेला आहे. दोघे घोडा ओढतात आणि दोघांच्याही गोळ्या मध्यबिंदूच्या दीड वीत वरून निघून जातात. वरून खाली मारणाऱ्याला याचे फारसे नवल वाटत नाही. उतारावर गोळीला जोर मिळतो, म्हणून ती कमी पडते, असे त्याने ऐकलेले असते. खालून वर मारणारा मात्र बुचकळ्यात पडतो. चढावर गोळी दमायला हवी, खाली पडायला हवी. मग ती वर कशी गेली? दोघांच्या डोक्यातली समजूत एकच आहे आणि ती चुकीची आहे. खालच्याच्या बाबतीत ती लगेच उघडी पडली, वरच्याच्या बाबतीत उत्तर तेवढे जुळले. या पुस्तकाला खरी काळजी त्या वरच्याची आहे, कारण जुळलेल्या उत्तरामागचे कारण तपासायला कोणी जात नाही आणि पुढच्या वेळी तेच कारण त्याला भलतीकडे नेते.

लांब पल्ल्याच्या नेमबाजीत चढ-उताराचा हिशेब सहसा एका वाक्यात शिकवला जातो: तिरके अंतर सोडा, आडवे अंतर धरा. वाक्य खोटे नाही. पण माझे म्हणणे असे की, हे वाक्य का खरे आहे हे न समजता ते वापरले, तर ज्या चुकीतून सुटायचे तेवढीच मोठी चूक उलट्या दिशेने होते, आणि तसे होण्याच्या वाटा एकाहून अधिक आहेत. म्हणून ही प्रस्तावना नियमापासून सुरू न करता गोळी खाली पडते म्हणजे नेमके काय होते तिथपासून सुरू करायला हवी.

नळीतून बाहेर आल्या क्षणापासून गोळी पडू लागते. हातातून सुटलेला दगड पडतो तशीच ती पडते. वेग कितीही असला तरी पृथ्वी तिला सूट देत नाही. ७.६२ मिलिमीटरची, साधारण ११ ग्रॅमची चांगली गोळी ५०० मीटर जायला पाऊण सेकंद घेते आणि तेवढ्या वेळात नळीच्या रेषेपासून सुमारे अडीच मीटर खाली येते. मग ती पाटीवर लागते कशी? नळी दृष्टिरेषेला समांतर नसते म्हणून. दुर्बिणीतून आपण पाटीच्या मध्याकडे बघत असतो, पण नळीचे तोंड ५०० मीटरवर पाटीच्या अडीच मीटर वर रोखलेले असते. हा कोन अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान आहे, डोळ्याला दिसत नाही, आणि सारी नेमबाजी याच कोनावर उभी आहे. रायफल झिरो करणे म्हणजे गोळीची पड आणि नळीची ही चढण यांचा मेळ घालून देणे. तो मेळ सपाटीवर घातलेला असतो. आता हीच रायफल, तोच कोन तसाच ठेवून, ३० अंश वर किंवा ३० अंश खाली वळवा. नळी अजूनही दृष्टिरेषेच्या अडीच मीटर वर रोखलेली आहे, कारण दुर्बीण नळीवर घट्ट आवळलेली आहे आणि दोन्ही एकत्रच वळतात. पृथ्वीची ओढ मात्र रायफलबरोबर वळलेली नाही. ती ओळंब्याच्या दोरीसारखी सरळ खालीच आहे. सपाटीवर ती दृष्टिरेषेला काटकोनात होती. आता ती रेषेशी तिरपी झाली. तिचा काही भाग गोळीच्या वाटेच्या बाजूने खर्ची पडतो, आणि वाट वाकवायला उरतो तो ३० अंशांवर ८७ टक्के. अडीच मीटरचे ८७ टक्के म्हणजे २.१७ मीटर. नळीने चढण दिली अडीच मीटरची, पड झाली २.१७ मीटरची, उरलेले ३३ सेंटिमीटर म्हणजे ती दीड वीत.

हा ८७ टक्क्यांचा आकडा ३० अंशांच्या कोज्येचा आहे. शाळेत आपण तिला कॉस म्हणून ओळखतो, पण इथे जुने नाव आठवणे अगदी जागच्या जागी आहे: ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, कोटी म्हणजे धनुष्याचे टोक, आणि कोटिज्या हा शब्द त्या दोहोंतून आला. बाण सोडणाऱ्या हत्याराच्या अवयवांवरून आपल्याकडच्या गणितज्ञांनी ज्या राशीला नाव दिले, तीच राशी हजार-दीड हजार वर्षांनी रायफलच्या दुर्बिणीवर कोरलेली सापडते, याचा मला मनापासून आनंद वाटतो. तिचा स्वभावही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १० अंशांवर ती ०.९८५, १५ अंशांवर ०.९६६, ३० वर ०.८६६, ४५ वर ०.७०७ आणि ६० वर नेमकी निम्मी. सुरुवातीला ती हलतच नाही म्हटले तरी चालेल, आणि नंतर झपाट्याने उतरते. १० अंशांच्या उताराला चुकून १५ म्हटले तर दोन टक्क्यांचा फरक पडतो. ४० ला ४५ म्हटले तर जवळपास सहा टक्क्यांचा.

चढ आणि उतार यांचा परिणाम एकाच बाजूला होतो हे ज्यांना पटत नाही, त्यांनी विहिरीचा विचार करावा. खोल विहिरीच्या काठावर उभे राहून सरळ खाली गोळी झाडली, तर ती कोणत्या बाजूला वाकेल? कोणत्याच नाही, कारण ओढ तिच्या वाटेच्याच दिशेने आहे. आता तळाशी उभे राहून सरळ वर झाडली, तरी ती कोणत्याच बाजूला वाकणार नाही. दोन्ही वेळा पड शून्य. सपाटीवर पड पुरेपूर आणि दोन्ही टोकांना शून्य असेल, तर सपाटीपासून वर जा की खाली जा, वाटेत ती कमीच होत जाणार. यासाठी एकही समीकरण लिहावे लागत नाही.

मग गोळीला जोर मिळतो, गोळी दमते, हे सगळे खोटे का? खोटे नाही, पण ते फार क्षुल्लक आहे. ३० अंशांच्या उतारावर पाऊण सेकंदात पृथ्वी गोळीच्या वेगात जेमतेम चार मीटर प्रतिसेकंदाची भर घालते, चढावर तेवढीच घट करते. तेवढ्याच वेळात हवा तिच्या वेगातून अडीचशे मीटर प्रतिसेकंद काढून घेते. सुरुवातीच्या वेगाला हवेचा अडथळा गोळीच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे चाळीसपट असतो. अशा झटापटीत वजनाचा अर्धा हिस्सा पुढून लागला काय किंवा मागून लागला काय, गोळीला त्याची फारशी जाणीव होत नाही. ५०० मीटरवर चढ आणि उतार यांच्यातला परस्पर फरक दोन-तीन सेंटिमीटरच्या आत राहतो, आणि दोघांना समान असलेली चूक ३३ सेंटिमीटरची असते. लोकसमजुतीने लहान गोष्ट धरली आणि मोठी सोडून दिली.

हे गणित नवे नाही. १६३८ साली गॅलिलिओने प्रक्षेपाची वाट परवलयाकार असते हे मांडले, आणि त्याचा शिष्य तोरिचेल्लीने १६४४ मध्ये ते पुढे नेले. धूमकेतूमुळे घराघरांत पोहोचलेला एडमंड हॅली १६८६ मध्ये या प्रश्नाकडे वळला: लक्ष्य क्षितिजाच्या वर किंवा खाली असेल तर तोफ किती कलती ठेवायची? १६९५ साली त्याने एक अतिशय देखणा नियम दिला. दिलेल्या चढावर किंवा उतारावर जास्तीत जास्त लांब मारायचे असेल, तर डोक्यावरचा ऊर्ध्वबिंदू आणि लक्ष्य यांच्यातला कोन निम्मा करा आणि तोफेचे तोंड त्या मधल्या रेषेत ठेवा. सपाटीवर हीच रेषा ४५ अंशांची होते, म्हणजे जुना नियम नव्या नियमाच्या पोटात बसतो. या सगळ्यांनी हवा मात्र हिशेबात धरली नव्हती. १७४२ मध्ये बेंजामिन रॉबिन्सने टांगलेल्या लाकडी लंबकावर गोळ्या झाडून त्यांचे वेग मोजले आणि हवेचा अडथळा किती प्रचंड आहे हे दाखवले; तीनच वर्षांनी थोर गणिती ऑयलरने त्याचे पुस्तक जर्मनमध्ये आणून त्याला स्वतःचे भाष्य जोडले. आपल्या विषयातल्या सगळ्या खाचाखोचा हॅली आणि रॉबिन्स यांच्यामधल्या या फटीत आहेत. आडव्या अंतराचा नियम हॅलीच्या हवारहित जगात जवळजवळ काटेकोर आहे, आणि गोळी रॉबिन्सच्या जगात उडते.

तोफखान्याला हा प्रश्न सतराव्या शतकातच पडला, मग हातातल्या बंदुकीला इतका उशीर का लागला? सह्याद्रीतल्या किल्ल्यांच्या तटात जंग्या पाहिल्या की उत्तर मिळते. तटाच्या जाडीतून बाहेरच्या अंगाला उतरत्या काढलेल्या या भोकांतून खालच्या वाटेवर मारा करता येई. म्हणजे उतारावर मारणे हा तिथला रोजचा धंदा होता. पण तोड्याच्या बंदुकीचा भरवशाचा पल्ला शंभर मीटरच्या आतला. ८० मीटरवर तिची गोळी फुटभर पडेल, आणि ४५ अंशांच्या तीव्र उतारावर त्यात जेमतेम तीन-साडेतीन इंचांचा फरक होईल. गुळगुळीत नळीतून सुटलेली ती वाटोळी गोळी मुळातच त्याहून जास्त इकडेतिकडे जात असे. चूक होती, पण ती बंदुकीच्या स्वतःच्या चुकीत बुडून जाई. नळीत आटे आले, गोळी लांबट झाली, पल्ला चारशे-पाचशे मीटरवर गेला, तेव्हा ही चूक वर आली. आल्प्समधल्या जर्मनभाषक शिकाऱ्यांत चढ असो वा उतार, नेम खालीच धरावा अशा अर्थाचे एक यमकबद्ध वचन पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. कड्यांवरच्या रानबोकडांच्या पाठीवरून गेलेल्या कितीतरी गोळ्या त्यामागे असतील. त्याच डोंगरांत, १८६३ साली, मोनव्हिझो शिखर चढणाऱ्या इटालियन तुकडीत क्विन्तिनो सेल्लाबरोबर पाओलो दी सँ-रोबेर हा तोफखान्यातला माणूस होता, जो पुढे प्रक्षेपशास्त्रातला मोठा जाणकार म्हणून ओळखला गेला. डोंगर आणि गोळीचे गणित एकाच माणसाच्या डोक्यात असावे, हे या विषयाला साजेसेच आहे.

आता त्या आडव्या अंतराच्या नियमाकडे येऊ. लक्ष्यापर्यंतचे तिरके अंतर हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण मानला, तर आडवे अंतर हा त्याचा पाया. ५०० मीटरचा कर्ण, ३० अंशांचा कोन, पाया ४३३ मीटर. नियम म्हणतो, दुर्बीण ४३३ मीटरची लावा. हे बऱ्यापैकी बरोबर येते, पण एका अटीवर: लावायचा तो कोन, म्हणजे दुर्बिणीच्या चकतीवरचे मिलिरेडियन किंवा क्लिक. पुष्कळ जण इथेच फसतात. त्यांच्याकडच्या तक्त्यात पड सेंटिमीटरमध्ये दिलेली असते. ४३३ मीटरवर पड १.८ मीटर आहे असे वाचून ते पाटीवर १.८ मीटरचा हिशेब करतात. पण पाटी ५०० मीटरवरच आहे आणि गोळी तिथे २.१७ मीटर पडणार आहे. गोळी जेवढी वर जात होती, साधारण तेवढीच आता खाली लागते. १.८ मीटरला ४३३ ने भागून कोन काढला आणि तो ५०० मीटरवर पसरवला असता, तर उत्तर काही सेंटिमीटरच्या फरकाने जमले असते. नियम दोघांनी एकच वापरला. एकाला ठाऊक होते की नियम कोनाविषयी बोलतो आहे, दुसऱ्याला नव्हते.

दुसरी फसगत नकाशाची. लेझर अंतरमापक डोळ्यापासून लक्ष्यापर्यंतचा कर्ण मोजतो. नकाशावर पट्टी ठेवून काढलेले अंतर मात्र आधीच आडवे असते, कारण नकाशा म्हणजे जमिनीची वरून पडलेली सावली. नकाशावरच्या ५०० मीटरला पुन्हा कोज्येने गुणणारा माणूस एकच वजाबाकी दोनदा करतो आणि अर्ध्या मीटरहून अधिक खाली मारतो. तिसरी गोष्ट वाऱ्याची. पृथ्वीच्या ओढीचा वाकवणारा भाग उतारावर घटतो, म्हणून पडीसाठी अंतर कमी धरायचे. वाऱ्याचे तसे काही घटत नाही. गोळी हवेतून पुरते तिरके अंतर जाते आणि वारा तिला त्या साऱ्या अंतरभर ढकलतो. पडीसाठी आडवे अंतर काढले आणि त्याच आकड्यावर वाऱ्याचाही हिशेब केला, तर गोळी उंचीला बरोबर आणि बाजूला चुकीची लागते, आणि मारणारा वाऱ्याला दोष देत बसतो.

चौथी फसगत खुद्द नियमाच्या अपुरेपणाची आहे, आणि ती लांब पल्ल्यावरच दिसते. तीच ७.६२ ची गोळी ८०० मीटरवर घ्या. नळीच्या रेषेपासून मोजलेला सपाटीचा कोन सुमारे साडेदहा मिलिरेडियन. ३० अंशांवर आडवे अंतर ६९३ मीटर, आणि त्या अंतराचा कोन सुमारे साडेआठ. पण खरा लागणारा कोन साडेदहाच्या ८७ टक्के, म्हणजे नऊच्या किंचित वर. तफावत अर्ध्या-पाऊण मिलिरेडियनची, आणि ८०० मीटरवर ती गोळीला सुमारे अर्धा मीटर खाली आणते. कारण उघड आहे. ६९३ मीटरचा कोन वापरताना आपण असे धरतो की गोळीने हवेशी ६९३ मीटरच झुंज दिली. उरलेल्या १०७ मीटरमध्ये तिचा वेग आणखी घटला, वेळ आणखी लागला, आणि त्या वेळात ती पडत राहिली, ते हिशेबात आलेच नाही. म्हणून लांब पल्ल्यावर अंतराला कोज्येने गुणायचे नाही. पूर्ण तिरक्या अंतराचा कोन घ्यायचा आणि त्या कोनाला कोज्येने गुणायचे. चारशे मीटरपर्यंत दोन्ही रीती जवळजवळ सारखेच उत्तर देतात, म्हणून पहिली रीत इतकी वर्षे टिकली. (दुर्बीण १०० मीटरवर झिरो केलेली असेल तर चकतीवरचा आकडा नळीपासून नव्हे, त्या झिरोपासून मोजलेला असतो, त्यालाच कोज्येने गुणले तर थोडी चूक राहते, पण ८०० मीटरवरही ती वीतभराच्या आतच असते.)

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की, आज हे सगळे यंत्र करते. अंतरमापकात कोन मोजणारा संवेदक असतो, मोबाइलमधले ॲप गोळीचे वजन, वेग, हवेचा दाब घेऊन क्लिक सांगते. मग माणसाने कशाला डोके शिणवायचे? यंत्रांविषयी मला आदर आहे, आणि माझे उत्तर यंत्र नाकारणारे नाही. पण यंत्राच्या पडद्यावर उमटलेला ४३३ हा आकडा नेमका काय आहे, हे यंत्राबाहेरच्या माणसाला ठाऊक असावे लागते. काही यंत्रे निव्वळ आडवे अंतर दाखवतात. काही यंत्रे हवेचा हिशेब करून सपाटीच्या तोडीचे अंतर दाखवतात, आणि हे दोन आकडे लांबवर वेगळे असतात. काही यंत्रे तिरके अंतर आणि कोन दाखवून थांबतात. तिन्हींवर आकडा मीटरमध्येच असतो. त्यातला एखादा दुरुस्त झालेला आकडा पुन्हा ॲपमध्ये कोनासह भरला, की नकाशावाली दुहेरी वजाबाकी नव्या रूपात परत येते. यंत्राने गणित सोपे केले. कोणते गणित झाले आहे आणि कोणते व्हायचे आहे, हे ओळखण्याचे काम माणसाकडेच उरले, आणि ते कारण समजल्याशिवाय होत नाही.

दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेने येतो: एवढ्या लहान गोष्टीचा एवढा बाऊ कशाला? यात तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवे. बोरघाटातला रेल्वेचा चढ ३७ मीटरला एक मीटर असा आहे. मालगाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात असा तो चढ कोनात मोजला तर दीड अंश भरतो, आणि दीड अंशाची कोज्या एकापासून हलतच नाही. घाटरस्त्यांवरचे उतार आपल्या पायांना जाणवतात तेवढे गोळीला जाणवत नाहीत. ५०० मीटरवर १० अंशांची चूक चार सेंटिमीटरची. वाऱ्याचा अंदाज जरा चुकला तरी त्याहून जास्त होते. शिवाय माणूस उताराचा कोन जवळपास नेहमीच वाढवून सांगतो. घरातला जिना साधारण ३० अंशांचा असतो. आता जिन्याइतकी तीव्र डोंगरउतरण किती ठिकाणी असते हे ज्याचे त्याने आठवावे. पुष्कळ चुका कोन दुर्लक्षिल्याने होत नाहीत, १५ अंशांना ३० समजून भरमसाट दुरुस्ती केल्याने होतात. म्हणजे गोष्ट लहान आहे हा आक्षेप खरा मानला, तरी ती कधी लहान आणि कधी मोठी हे सांगायला पुन्हा कोज्या आणि कोनमापकच लागतो. कंपासपेटीतला प्लॅस्टिकचा कोनमापक घ्या, त्याच्या मध्यबिंदूच्या भोकातून दोरा ओवा, दोऱ्याला एक लहानशी नट बांधा. सरळ कडेने लक्ष्याकडे बघा, दोरा स्थिर झाला की बोटाने दाबून धरा आणि आकडा वाचा. ९० पासून दोरा जेवढा सरकला तेवढा कोन. हे साधन ओळंब्याइतके जुने आहे आणि अंशभराच्या फरकाने उत्तर देते.

तिसरा आक्षेप अनुभवाचा. चढावर गोळी खालीच लागते, असे शपथेवर सांगणारी माणसे आहेत आणि ती खोटे बोलत नाहीत. पण गोळी कुठे लागली यात गणिताशिवायही पुष्कळ काही मिसळलेले असते. वर मारताना मान मागे जाते, गाल दस्त्यावर नेहमीच्या जागी बसत नाही, डोळा दुर्बिणीच्या मध्यातून सरकतो. उघड्या माशीच्या बंदुकीवर तर याने नेम सरळसरळ बदलतो. उतारावर शरीराचे वजन पुढे येते, खांद्याचा आधार ढिला पडतो आणि धक्क्याला रायफल वेगळी उसळते. दरीपलीकडचे अंतर मधल्या खुणा नसल्यामुळे डोळ्याला फसवते. या चुका खऱ्या आहेत, पण त्या माणसागणिक आणि बैठकीगणिक वेगळ्या आहेत. त्या सवयीने आणि आधार नीट लावून काढायच्या असतात. पृथ्वीची ओढ सगळ्यांना सारखी आहे. दोन्ही चुका एकाच आकड्यात कोंबल्या, की ना सवय सुधारते ना गणित.

मराठी वाचकाला रायफल नेमबाजी माहीत आहे ती बहुतेक मैदानावरची. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचे कांस्यपदक आणले. त्या रेंजवर लक्ष्य समोर, सपाटीला असते, आणि तसे ते असण्याला अर्थ आहे. पॉइंट टूटूची गोळी ५० मीटरवर सुमारे १२ सेंटिमीटर पडते. हीच रेंज ३० अंश कलती केली, तर गोळी १६ मिलिमीटर वर लागेल, आणि त्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास आहे १०.४ मिलिमीटर. एकही नेमबाज न चुकता सगळे दहाच्या बाहेर जातील. सपाट रेंजवर घडलेल्या खेळाडूला चढ-उताराचे भान नसते यात त्याचा दोष नाही. त्याला ते कधी लागलेच नाही.

ज्यांना ते लागते ते सैनिक आहेत, सीमेवरच्या दलांतले जवान आहेत, आणि डोंगराळ मुलखात भरणाऱ्या लांब पल्ल्याच्या स्पर्धांचे खेळाडू आहेत. शिकारीला आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आळा घातला, आणि तो योग्यच आहे; या पुस्तकात लक्ष्य म्हटले की ते पोलादाचे किंवा कागदाचे समजावे. १९९९ च्या कारगिल युद्धात द्रासच्या खोऱ्यातून तोलोलिंगवर, टायगर हिलवर चढत गेलेल्या पलटणींना वरच्या बंकरांतून होणाऱ्या माऱ्याखालीच वर मारा करावा लागला. टायगर हिलची उंची ५०६२ मीटर. पाच हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या साठ टक्के एवढीच दाट असते. तिथे गोळीचा वेग हळू घटतो, ती लवकर पोहोचते आणि कमी पडते. मैदानात झिरो केलेली रायफल तिथे कोन नसतानाही वर मारते. त्यात चढाचा कोन मिळवला की दोन्ही चुका एकाच दिशेने, एकमेकींवर चढून बसतात. म्हणून या पुस्तकात विरळ हवेचे प्रकरण कोनाच्या प्रकरणाला लागूनच ठेवले आहे, आणि ती दोन्ही एकत्र वाचावीत अशी माझी विनंती आहे. कोनाची दुरुस्ती आणि हवेची दुरुस्ती वेगवेगळ्या कारणांनी होतात. हवेची आधी करावी, म्हणजे त्या दिवसाच्या हवेत सपाटीवर लागणारा कोन मिळतो; मग त्या कोनाला कोज्येने गुणावे.

या रीतीलाही हद्द आहे. तिच्यामागे एक गृहीतक दडलेले आहे: गोळीची वाट ही रायफलच्या तोंडाशी पक्की बसवलेली, किंचित वाकवलेली तार आहे आणि रायफल वळली की ती तार जवळजवळ आहे तशी वळते, फक्त तिचा बाक कोज्येच्या प्रमाणात उलगडतो. रायफलची वाट इतकी सपाट असते की हे चालून जाते. तोफेचे तसे नाही. हॉवित्झरची वाट मुळातच उंच कमानीची, गोळा कित्येक सेकंद हवेत. लक्ष्य शे-दोनशे मीटर वर असले की ती कमान नुसती कलत नाही, तिचा आकारच बदलतो. त्यामुळे गोलंदाज लक्ष्याचा कोन थेट मिळवून थांबत नाहीत. त्यांच्या तक्त्यांत त्या कोनाला पूरक अशी आणखी एक दुरुस्ती वेगळ्या रकान्यात दिलेली असते, पल्ल्यागणिक आणि बारुदाच्या मात्रेगणिक वेगळी. नाशिकजवळ देवळालीच्या तोफखाना प्रशालेत शिकणाऱ्याला तो रकाना वाचता यावा लागतो. हे पुस्तक त्या रकान्याच्या अलीकडेच थांबते: खांद्यावरची रायफल, हजार मीटरच्या आतले लक्ष्य, ६० अंशांच्या आतला कोन, आणि पहिल्याच पानावर दोरा ओवलेला कोनमापक.